शेळी-मेंढीचे दूध : घट्ट म्हणजे निर्धोक नव्हे

मेंढीच्या दुधाचे चीज ताकदीचे असते असे ऐकून, मग घरच्या शेळीच्या दुधाचे का करू नये, असा प्रश्न कसालच्या एखाद्या वाचकाला पडला तर तो रास्तच आहे. उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागेल.

गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के आणि प्रथिने सव्वातीन टक्के असतात. मेंढीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ आणि प्रथिने साडेपाच टक्क्यांच्या घरात. प्रथिनांपैकी केसीन थिजते आणि त्याचेच चीज बनते. म्हणून एक किलो चीजसाठी गाईचे सुमारे १० लिटर दूध लागते, तिथे मेंढीचे ५-६ लिटर पुरते. यातही जातीजातीत फरक आहे. जर्मनीतील ईस्ट फ्रिजियन मेंढी भरपूर दूध देते, पण ते तुलनेने पातळ. फ्रान्समधील लाकोन मेंढीचे दूध कमी, पण घट्ट. प्रसिद्ध रोकफोर चीज फक्त तिच्याच दुधाचे करतात. चारा आणि वेताचा काळ यांनीही दूध बदलते. आटत आलेले दूध घट्ट होते.

आपल्याकडच्या दख्खनी आणि माडग्याळ मेंढ्या मुख्यतः मटणासाठी, दख्खनी लोकरीसाठीही. त्यांचे दूध कोकरांनाच लागते. शिवाय कोकणचा पाऊस मेंढीला मानवत नाही. सिंधुदुर्गात आपली कोकण कन्याळ शेळी बरी, पण तीही मटणाचीच. शेळीच्या दुधाचा घट्टपणा साधारण गाईच्या दुधाइतकाच असतो. त्याचे दही मऊ पडते. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असल्याने तान्ह्या मुलाला केवळ त्यावर वाढवू नये. पहिले सहा महिने आईचेच दूध. गाईच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना शेळी-मेंढीचे दूधही बहुधा सोसत नाही, कारण प्रथिने सारखीच.

आता दुसरा भाग. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप होई. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लिस झामित यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांचे शेळीचे दूध बंद केले आणि ताप झपाट्याने ओसरला. हाच ब्रुसेलोसिस. जात कोणतीही असो, शेळी कितीही तुकतुकीत असो, कच्च्या दुधातून आणि त्याच्या ताज्या चीजमधून तो होऊ शकतो.

तेव्हा दूध चांगले उकळावे, मगच लिंबू पिळून पनीर करावे. धारोष्ण दुधाचा हट्ट सोडावा, गरोदर बाईने तर नक्कीच. गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी चालेल. ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी आठवड्यांवर गेली तर घरात शेळ्या आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्ततपासणीने निदान होते. औषधे मात्र सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडली तर तो पुन्हा उलटतो.