साझ : कमी कडू, तरी महाग

बिअरमधला कडवटपणा येतो हॉप्सच्या वेलीच्या फुलांतून. या वेली गांजाच्याच कुळातल्या, पण नशा नसलेल्या. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात; मद्यकाराला फक्त मादी फुलं लागतात. वाळलेलं हिरवट बोंड उकललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. हॉप्सचा सगळा दाम या भुकटीचा.

त्यातले दोन घटक महत्त्वाचे : अल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं. अल्फा आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टच्या रसात तास-दीड तास उकळली की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि कडवटपणा उतरतो. तेलांचं नेमकं उलटं. तेवढ्या उकळीत ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स आधी पडतात, वासासाठीचे अगदी शेवटी, आमटी उतरवताना कोथिंबीर घालावी तसे.

आता साझ. चेक प्रजासत्ताकातल्या झातेत्स गावाच्या परिसरातला हा जुना वाण. वेलीचं खोड तांबूस, तोडणी ऑगस्टअखेरीस. याची अल्फा आम्लं जेमतेम 3 ते 4 टक्के. जर्मनीच्या मॅग्नम वाणात ती 12 ते 14 टक्के असतात. म्हणजे तेवढाच कडवटपणा हवा तर साझ तिप्पट-चौपट घालावा लागणार. शिवाय एकरी उताराही कमी. हिशेबाच्या वहीत हा वाण कधीच जिंकणार नाही.

तरी तो टिकला तो वासामुळे. त्याच्या तेलात फार्नेसीन भरपूर असतं. बऱ्याच वाणांत ते नावालाच सापडतं. वास मंद, मातकट, वनस्पतींचा, किंचित मसालेदार. अमेरिकी वाणांचा संत्र्या-आंब्याचा गलका इथे नाही. 1842 साली मद्यकार योझेफ ग्रोल यांनी प्ल्झेन या चेक शहरात पहिली सोनेरी पिल्सनर बिअर काढली ती याच हॉप्सवर. तिथलं पाणी अतिशय मृदू असल्याने कडवटपणा जिभेवर खरखरत नाही.

झातेत्सचे मळे, वाळवणीच्या भट्ट्या आणि गोदामं यांना 2023 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र उन्हाळे तापत, कोरडे होत चालल्याने मुळातच कमी असलेली अल्फा आम्लं आणखी घसरताहेत.

घरी बिअर करणाऱ्यांनी पाकिटावरचा अल्फाचा आकडा आणि हंगामाचं वर्ष आधी वाचावं. कडवटपणापुरता मॅग्नम वापरला तरी चालेल. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र साझच हवा.