डोळ्यांचे व्यायाम आणि दृष्टिसुधारणा : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :
नियमित व्यायामाने चष्म्याचा नंबर घालविता येतो, असा समज सुशिक्षित वर्गातही दृढ आहे. या समजापोटी अनेक विद्यार्थी चष्मा बाजूला ठेवतात आणि फळ्यावरील मजकूर अंदाजाने उतरवून घेतात. लहान वयात आवश्यक चष्मा न मिळाल्यास एका डोळ्याची दृष्टी कायमची मंद राहण्याचा, म्हणजे ‘आळशी डोळा’ होण्याचा धोका असतो. त्यामुळे या विषयाचा शास्त्रीय विचार अगत्याचा ठरतो. डोळ्यांच्या व्यायामाने नेमके काय साध्य होते व काय होत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दृष्टिदोषाचे स्वरूप :
पारपटल व भिंग यांच्या साहाय्याने प्रकाशकिरण दृष्टिपटलावर केंद्रित होतात. प्रौढ व्यक्तीच्या नेत्रगोलाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती १ मिलिमीटरने वाढली तरी सुमारे २.५ ते ३ डायॉप्टर इतकी निकटदृष्टिता येते. निकटदृष्टितेचे प्रमुख कारण नेत्रगोलाची ही वाढलेली लांबी होय. चाळिशीनंतरच्या वृद्धदृष्टितेत भिंगाची लवचीकता कमी झालेली असते. म्हणजेच हे दोष मुख्यत्वे रचनेचे आहेत, स्नायूंच्या दुर्बलतेचे नव्हेत.

बेट्स पद्धतीचा उगम व तिची चिकित्सा :
न्यूयॉर्कमधील नेत्रवैद्य विल्यम होरेशिओ बेट्स (१८६०-१९३१) यांनी १९२० मध्ये ग्रंथ लिहून चष्म्याविना दृष्टिसुधारणेचा पुरस्कार केला. भिंगाचा आकार बदलून नव्हे, तर नेत्रगोलाबाहेरील स्नायू गोलाचा आकार बदलून दृष्टी समायोजित करतात आणि या स्नायूंवरील ताणामुळे दृष्टिदोष होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तळहातांनी डोळे झाकणे, शरीर व दृष्टी झुलविणे, उन्हाचा शेक घेणे हे त्यांचे उपाय होत. इंग्रज साहित्यिक ऑल्डस हक्सले यांच्या १९४२ मधील ‘द आर्ट ऑफ सीइंग’ या पुस्तकामुळे या पद्धतीस आणखी प्रसिद्धी मिळाली.

तथापि, भिंग नसलेला डोळा समायोजन करू शकत नाही, हे थॉमस यंग यांनी १८०१ मध्येच दाखविले होते. समायोजनाच्या वेळी भिंगाचा आकार बदलतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये स्पष्ट केले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत साधे कृत्रिम भिंग बसविल्यावर दूरचे स्वच्छ दिसत असले तरी वाचनासाठी सामान्यतः चष्मा लागतो, ही नित्य अनुभवाची बाबही हेच सिद्ध करते. बाहेरील स्नायू शाबूत असूनही समायोजन होत नाही. बेट्स यांच्या सिद्धान्ताचा पाया येथेच ढासळतो.

सुधारणेच्या अनुभवाची मीमांसा :
मग काहींना फरक जाणवतो तो कशामुळे? अस्पष्ट प्रतिमेला मेंदू सरावतो आणि नंबर तोच असतानाही अक्षरे अधिक ओळखू येतात. डोळे बारीक केल्यानेही तात्पुरते स्पष्ट दिसते. सततच्या वाचनाने समायोजनाचा स्नायू आखडल्यास आभासी निकटदृष्टिता निर्माण होते व ती विश्रांतीने किंवा उपचाराने कमी होऊ शकते. असे अनुभव खोटे नसतात, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो.

व्यायामाची खरी उपयुक्तता :
जवळचे पाहताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नसल्यास डोकेदुखी, अक्षरे दुहेरी दिसणे असे त्रास होतात. या अभिसरण-दोषावर व्यायाम उपयुक्त ठरतो. अमेरिकेत ९ ते १७ वयोगटातील २२१ मुलांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली १२ आठवडे व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के मुलांत यश वा सुधारणा आढळली. केवळ घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते, तर आभासी उपचार घेणाऱ्यांत ३५ टक्के. यावरून योग्य निदान व मार्गदर्शन यांचे महत्त्व लक्षात येते.

हठयोगातील षट्कर्मांत समाविष्ट असलेले त्राटक एकाग्रतेची साधना म्हणून मोलाचे आहे. मात्र नेत्रगोलाची वाढलेली लांबी त्याने कमी होत नाही.

प्रतिबंधाचा मार्ग :
चीनमधील ग्वांगझू येथे १२ शाळांत झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज ४० मिनिटे अधिक मैदानी उपक्रम करणाऱ्या मुलांत तीन वर्षांत निकटदृष्टिता उद्भवण्याचे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतरांत ३९.५ टक्के आढळले. दृष्टिरक्षणाच्या दृष्टीने मोकळ्या प्रकाशातील वेळ अशा रीतीने परिणामकारक ठरतो.

निष्कर्ष :
१. व्यायामाने डोळ्यांचा समन्वय सुधारू शकतो, परंतु नेत्रगोलाची लांबी व भिंगाची लवचीकता बदलत नाही.
२. व्यायामाच्या भरवशावर चष्मा सोडणे वा नेत्रतपासणी लांबविणे अहितकारक आहे. सूर्याकडे थेट पाहिल्याने दृष्टिपटलास कायमची इजा होऊ शकते.
३. संगणकावर काम करताना पापण्यांची उघडझाप कमी होते. म्हणून अधूनमधून दूर पाहणे व पापण्या मिटणे आरामदायी ठरते, तथापि तो नंबर घालविण्याचा उपाय नव्हे.
४. वर्गात डोळे बारीक करून पाहणाऱ्या वा वारंवार डोके दुखणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम नेत्रतपासणीचा सल्ला द्यावा. व्यायामाची आवश्यकता त्या तपासणीनंतरच ठरावी.