अपारंपरिक ऊर्जेतील परदेशी पदव्युत्तर शिक्षण : अभ्यास काय, खर्च किती, फायदा कोणाला?

सूर्य, वारा, शेणखत, उसाचे चिपाड यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेला पूर्वी सरकारी कागदपत्रांत अपारंपरिक ऊर्जा म्हणत. आता तिला नवीकरणीय किंवा अक्षय ऊर्जा म्हणतात. नाव बदलले तसा तिचा व्यापही बदलला. एके काळी सौर चूल आणि गोबर गॅस एवढ्यावर संपणारा हा विषय आज मोठ्या उद्योगाचा झाला आहे. २०२५ च्या जानेवारीत भारतातील सौर वीजनिर्मितीची क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. आपले अनेक भाऊबंद रोजीसाठी ज्या खलिजी मुलुखात जातात, तिथेही २०१९ साली अबुधाबीजवळ स्वैहान येथे १,१७७ मेगावॅटचा 'नूर अबुधाबी' प्रकल्प उभा राहिला. तेलाच्या विहिरींचा मालक उन्हात भांडवल घालतो, तेव्हा व्यापाऱ्याने त्याची दखल घेतलीच पाहिजे.

त्यामुळे इंजिनिअर झालेली आपली मुले-मुली आता घरी सांगू लागली आहेत की, आम्हाला या विषयात परदेशी जाऊन मास्टर्स करायचे आहे. बाप कापडाचा, सुताचा किंवा लोखंडाचा व्यापारी. त्याला प्रश्न पडतो की, हे शिक्षण म्हणजे नक्की काय? पंखे आणि पत्रे बसवायला शिकण्यासाठी जर्मनीला कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजले, तरच घरातील पैसा या कामी लावावा की नाही हे ठरवता येईल.

अभ्यासात काय शिकवतात?

उदाहरण म्हणून जर्मनीतील ओल्डेनबर्ग शहरातील विद्यापीठ घेऊ. या विद्यापीठाला कार्ल फॉन ओसिएत्स्की यांचे नाव आहे. हे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले पत्रकार होते. तेथे १९८७ पासून नवीकरणीय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील विद्यार्थी त्यात मोठ्या संख्येने येतात. वर्गातील व्याख्यानांबरोबर प्रयोगशाळेत मोजमाप, बाहेरच्या कंपनीत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम आणि शेवटी प्रबंध असा त्याचा साचा आहे. युरोपातील इतर बहुतेक अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने असेच आहेत.

या अभ्यासाचा पहिला भाग मोजमापाचा. किलोवॅट आणि युनिट यांत फरक आहे, हे आपल्याला वीजबिलावरून माहीत असते, पण अनेकांची त्यात गल्लत होते. लूम मिनिटाला किती धावतो ती त्याची ताकद, आणि पाळी संपल्यावर किती मीटर कापड निघाले ते उत्पादन. किलोवॅट ही ताकद आणि युनिट हे उत्पादन. बीम संपला, धागा तुटला, वीज गेली की चांगला लूमही कापड देत नाही. तसेच ढग आले, पत्र्यावर धूळ बसली, शेजारच्या इमारतीची सावली पडली की सौर संचाचे उत्पादन घटते. आणखी एक गोष्ट म्हणजे सौर पत्र्याला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पत्रा तापला की दर अंश सेल्सिअसला त्याची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. म्हणून मालेगावच्या मे महिन्याचा आणि ओल्डेनबर्गच्या मे महिन्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

वाऱ्याचे गणित तर याहून कठीण. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. वेग सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर निघाला, म्हणजे केवळ वीस टक्के वाढला, तर ताकद सुमारे ७३ टक्के वाढते. यावरून जागा निवडण्यात थोडी चूक झाली तर कोट्यवधी रुपयांचा पंखा कसा तोट्यात जातो ते कळेल. शिवाय वाऱ्यातील सगळी ताकद काढून घेता येत नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येते, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले. तेव्हा एखादा विक्रेता याहून जास्तीचा दावा करू लागला, तर शिकलेला मुलगा त्याला तिथेच थांबवू शकतो.

खरा विषय हिशेबाचा

दुसरा भाग पैशाचा, आणि तो आपल्या वाचकांना सर्वांत जवळचा आहे. एक नमुना हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते गोल धरले आहेत.

समजा, १० किलोवॅटचा सौर संच ५ लाख रुपयांना बसला. तो वर्षाला सुमारे १४,००० युनिट देतो. दुकानाला व्यापारी दराने युनिटला १२ रुपये पडत असतील, तर वर्षाला १,६८,००० रुपये वाचतात आणि तीन वर्षांत मुद्दल वसूल होते. हाच संच यंत्रमागाच्या कारखान्यावर बसवला आणि तेथे सवलतीचा दर ५ रुपये असेल, तर वर्षाला ७०,००० रुपयेच वाचतात. मुद्दल वसूल व्हायला सात वर्षे लागतात. संच तोच, ऊन तेच, छप्परही कदाचित त्याच मालकाचे. फरक फक्त बिलाच्या दराचा. 'सोलर बसवा, फायदा होईल' असे सर्वांना एकाच सुरात सांगणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

आता एक पायरी पुढे जाऊ. संच २५ वर्षे चालला, पण दरवर्षी त्याचे उत्पादन अर्ध्या टक्क्याने घटले. धुण्यापुसण्याला वर्षाला ५,००० रुपये लागले आणि बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला ६०,००० रुपये गेले. सगळा खर्च ६ लाख ८५ हजार आणि सगळे युनिट सुमारे ३ लाख ३० हजार. म्हणजे युनिट दोन रुपयांच्या आसपास पडले. फार स्वस्त वाटते.

पण हेच ५ लाख सुताच्या गाठींत घातले असते तर? वर्षाला दहा टक्के नफा सुटला असता असे धरा. आज हातातला रुपया आणि पंधरा वर्षांनी मिळणारा रुपया यांची किंमत एक नाही, हे उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. हा फरक धरून पुन्हा गणित केले की तेच युनिट सुमारे ४ रुपये ६० पैशांना पडते. बारा रुपयांच्या दुकानाला हा सौदा अजूनही उत्तम आहे. पाच रुपयांच्या कारखान्याला मात्र तो जेमतेम परवडतो. कारखाना रात्रपाळीवर चालत असेल, तर दिवसाची वीज नेट मीटरवरून जमा कशी होते, त्याचे नियम काय, हेही पाहावे लागते. कारण सूर्य रात्रपाळी करीत नाही.

या पदवीचे सार इतकेच आहे. जागा, यंत्र, दर, भांडवल आणि वेळ यांचा एकत्र हिशेब करून 'येथे हे परवडेल, तेथे परवडणार नाही' असे छातीठोकपणे सांगता येणे. पत्रे बसवण्याचे काम दुसरे कारीगर करतात. त्यांचे हुनर वेगळे आणि त्यालाही मोठी मागणी आहे.

प्रवेश कोणाला?

यंत्र, विद्युत, रसायन किंवा तत्सम शाखेतील इंजिनिअरिंगची पदवी, किंवा भौतिकशास्त्राची पदवी लागते. तीन वर्षांची बी.एस्सी. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चालत नाही. ते अर्जापूर्वी त्या विद्यापीठाकडूनच लेखी विचारून घ्यावे. इंग्रजीची आय.ई.एल.टी.एस. किंवा टोफेल परीक्षा द्यावी लागते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना तिची धास्ती असते. पण ती वाचणे, लिहिणे, ऐकणे आणि बोलणे अशा चार भागांची परीक्षा आहे आणि सहा महिन्यांच्या नियमित मेहनतीने जमते. शिकवणे इंग्रजीत असले तरी बाजारात आणि नोकरीत जर्मन लागते, म्हणून त्या भाषेची सुरुवात येथूनच करावी.

भारतीय विद्यार्थ्याला जर्मनीच्या व्हिसासाठी ए.पी.एस. हे कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झाले आहे. अभ्यासक्रम बहुधा ऑक्टोबरात सुरू होतात, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच्या वर्षभर आधीपासून जातात. तेव्हा तयारी दीड वर्ष अगोदर सुरू झाली पाहिजे.

अर्जासोबत 'मला हे का शिकायचे आहे' असे निवेदन लिहावे लागते. येथे आपल्या मुलांकडे एक मोठे भांडवल आहे, ते त्यांना माहीत नसते. घरच्या कारखान्याची बारा महिन्यांची वीजबिले घ्यावीत. कोणत्या पाळीला किती युनिट जातात ते मोजावे. सायझिंगच्या बॉयलरला वाफेसाठी किती इंधन जळते ते लिहावे. यंत्रमागाच्या गावातील मुलाने आपल्या हाताने घेतलेले असे मोजमाप, पुस्तकातून उतरवलेल्या दहा पानांपेक्षा अधिक वजनदार ठरते.

पैसा कोठून?

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. दर सत्राला काही शे युरोची वर्गणी असते. अपवादही लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांतात युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. युरोपातील अनेक विद्यापीठे मिळून जे संयुक्त अभ्यासक्रम चालवतात, त्यांतही फी असू शकते.

राहण्या-खाण्याचा खर्च मात्र चुकत नाही. व्हिसासाठी एका वर्षाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपये धरला तर सुमारे १२ लाख. ही फी नव्हे. आपलेच पैसे आपल्याला महिन्याला ९९२ युरोप्रमाणे परत मिळतात. दोन वर्षांचे २४ लाख, विमानभाडे वेगळे, आणि दोन वर्षे येथील पगार बुडाला तोही खर्चात धरावा. १ मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, त्यातून काही भार हलका होतो. पण पहिल्याच वर्षी त्या कमाईवर विसंबून घरातून निघू नये.

जी घराणी व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छितात, त्यांनी दोन शिष्यवृत्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली डी.ए.ए.डी. या जर्मन संस्थेची. विकसनशील देशांतील लोकांसाठी तिची जी योजना आहे, तीत पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे पदवी हाती पडताच पळण्यापेक्षा दोन वर्षे एखाद्या सौर कंपनीत, ऊर्जा लेखापरीक्षकाकडे किंवा कारखान्यात काम केलेले फायद्याचे. दुसरी युरोपीय संघाची इरॅस्मुस मुंडुस. ती २००४ पासून चालू आहे. तीत फी माफ होते आणि महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. तिच्या अर्जाला पैसे पडत नाहीत.

मुंबईतील जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी मदत करते, पण ती परतफेडीची असते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिचे नाव घेऊन आजही कोणी फॉर्म भरून घेत असेल, तर त्याला एक पैसाही देऊ नये. एजंटांचेही तसेच. 'जर्मनीत प्रवेश पक्का' असे सांगून काही जण मुलांना भरमसाट फीच्या खासगी संस्थांत घालतात, कारण दलाली तेथेच मिळते. सरकारी विद्यापीठाचा अर्ज विद्यार्थी स्वतः भरू शकतो.

कोणी जाऊ नये?

ज्याला गणिताचा कंटाळा आहे, ज्याला केवळ परदेश पाहायचा आहे, त्याच्यासाठी हे नाही. आय.टी.आय. किंवा डिप्लोमा झालेल्या इलेक्ट्रिशियन मुलासाठी सरकारचे 'सूर्यमित्र' प्रशिक्षण २०१५ पासून आहे. संच बसवणे आणि दुरुस्त करणे हे काम त्यातून शिकता येते आणि धंदा लवकर उभा राहतो. देशातच राहून शिकायचे असेल, तर मुंबईच्या आय.आय.टी.त ऊर्जाशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

जो जाईल, त्याला पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधण्यासाठी १८ महिने थांबता येते. कोणी तेथे राहील, कोणी खलिजला जाईल, कोणी परत येईल. परत येणाऱ्याला कामाची वाण नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील लूम, सायझिंग आणि प्रोसेस हाऊस यांचा विजेचा आणि वाफेचा खर्च कसा घटवता येईल, हे मोजून सांगणारी माणसे फार थोडी आहेत.

व्यापारी बंधूंनी आपल्या मुलाला किंवा मुलीला पाठवण्यापूर्वी एक परीक्षा घरीच घ्यावी. दुकानाचे आणि कारखान्याचे वीजबिल समोर ठेवून विचारावे की, आपल्या छपरावर सौर संच परवडेल का, आणि कसे? बसून मोजमाप करील, दर तपासील, आठ दिवसांनी कागदावर हिशेब मांडून दाखवील, त्याच्या तालीमवर पैसा लावण्यास हरकत नाही.