दहा पौंडांचा उंबरठा : लीड्समधील १८३२ची निवडणूक

मेकॉले म्हटले की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक १८३५चे शिक्षणविषयक टिपण आणि दुसरी भारतीय दंड संहिता. पहिलीमुळे त्याला शिव्या देणारे आणि त्याच पहिलीमुळे त्याचे उपकार मानणारे, असे दोन्ही पक्ष महाराष्ट्रात आजही आहेत. पण कलकत्त्याच्या बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी हा माणूस लीड्स नावाच्या एका गिरणगावाचा खासदार होता. तिथे तो निवडून आला ती निवडणूक ब्रिटिश संसदेच्या इतिहासातील एका मोठ्या सुधारणेनंतरची पहिली निवडणूक होती. डिसेंबर १८३२मधली ती लढत नीट पाहिली, तर पुढे हिंदुस्थानविषयी त्याने जे म्हटले त्याचे मूळ सापडते. मताचा हक्क कोणाला द्यायचा आणि कोणाला 'अजून नाही' म्हणून थांबवायचे, याची मोजपट्टी आधी लीड्समध्ये वापरली गेली होती.

सुधारणेपूर्वीची व्यवस्था आज वाचताना अविश्वसनीय वाटते. ओल्ड सॅरम या ठिकाणी वस्ती अशी उरलीच नव्हती, तरी तिथून दोन खासदार निवडले जात. डनिच गावाचा मोठा भाग समुद्राने कधीच गिळला होता, त्याचेही दोन खासदार शाबूत होते. उलट मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स ही यंत्रयुगात फुगलेली शहरे. त्यांना स्वतःचा एकही खासदार नव्हता. कित्येक मतदारसंघ एखाद्या उमरावाच्या मुठीत असत. अशा मतदारसंघांना इंग्लंडात 'खिशातले' म्हणत. मालकाने नाव सुचवायचे आणि मूठभर मतदारांनी माना डोलवायच्या, अशी ती पद्धत.

गंमत अशी की ज्या दोन माणसांची लीड्समध्ये टक्कर झाली, ते दोघेही अशाच खिशांतून संसदेत आले होते. मेकॉले १८३०मध्ये कॅन या गावातून निवडून आला तो लॉर्ड लॅन्सडाउनच्या मर्जीने. त्याचा प्रतिस्पर्धी मायकेल थॉमस सॅडलर आधी न्यूअर्क आणि नंतर ऑल्डबरो येथून संसदेत बसला तो न्यूकॅसलच्या ड्यूकच्या पाठबळावर. कॅनची दोनांपैकी एक जागा सुधारणा कायद्याने गेली, आणि ऑल्डबरो तर मतदारसंघ म्हणून पुसलेच गेले.

हा कायदा सुखासुखी झाला नाही. मार्च १८३१मध्ये विधेयकाचे दुसरे वाचन कॉमन्स सभागृहात अवघ्या एका मताने पार पडले : ३०२ विरुद्ध ३०१. त्यानंतर निवडणूक झाली, सुधारणावादी मोठ्या संख्येने निवडून आले. पण ऑक्टोबरमध्ये लॉर्ड्स सभागृहाने विधेयक फेटाळले. ब्रिस्टलमध्ये दंगल उसळली. नॉटिंगहॅमचा किल्ला जमावाने जाळला. तो न्यूकॅसलच्या ड्यूकच्या, म्हणजे सॅडलरच्या पाठीराख्याच्या, मालकीचा होता. अखेर ७ जून १८३२ रोजी विधेयकावर राजाची मोहोर उमटली. इकडे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झाले होते, एवढे सांगितले म्हणजे काळ नजरेसमोर येईल.

कायद्याने ५६ नगरांचे प्रतिनिधित्व पूर्णपणे काढून घेतले, आणखी ३० नगरांची एकेक जागा कमी केली आणि नव्या शहरांना जागा दिल्या. लीड्सच्या वाट्याला दोन आल्या. पण मत कोणाला? शहरी मतदारसंघात नियम असा होता की वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या मोलाचे घर, दुकान किंवा वखार ज्या पुरुषाच्या ताब्यात बारा महिने आहे आणि ज्याने कर थकवलेले नाहीत, त्याला मत. त्याने आपले नाव यादीत नोंदवायचे आणि वर एक शिलिंग फी भरायची. मतदारयादी नावाची वस्तू इंग्लंडात पद्धतशीरपणे सुरू झाली ती याच कायद्याने. कायद्याच्या मजकुरात 'पुरुष' हा शब्दही याच वेळी स्पष्टपणे घातला गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये यॉर्कशायरच्या मेरी स्मिथ या बाईंनी, आपण कर भरतो मग मत का नाही, असा अर्ज हेन्री हंट या खासदारामार्फत संसदेपुढे ठेवला. सभागृहात त्याची थट्टा झाली.

दहा पौंडांची ही रेघ देशभर एकच होती, घरभाडी मात्र एकसारखी नव्हती. लंडनमध्ये भाडी चढी, म्हणून तिथे बऱ्यापैकी कारागीरही रेघेच्या आत येत. लीड्समध्ये भाडी कमी, म्हणून तिथे तीच रेघ फार उंच ठरे. कायदा होण्याआधी 'लीड्स मर्क्युरी' या वृत्तपत्राचे संपादक एडवर्ड बेन्स यांनी सरकारसाठी शहरात चौकशी करवली होती. कामगार वस्त्यांत पन्नास घरांमागे एकालाही मत मिळणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. बेन्स स्वतः सुधारणेचे खंदे पुरस्कर्ते. दहा पौंडांच्या अटीने शहराला धोका नाही, याची खात्री पटवणारा पुरावा म्हणून त्यांनी हा निष्कर्ष कळवला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शेवटी सुमारे सव्वा लाख वस्तीच्या लीड्समध्ये मतदार झाले चार हजारांच्या आसपास.

उमेदवार तीन होते. व्हिग पक्षाकडून मेकॉले आणि जॉन मार्शल; हा मार्शल म्हणजे जवसाच्या वाखाचे सूत काढणाऱ्या लीड्समधल्या प्रचंड गिरणीच्या मालकाचा त्याच नावाचा मुलगा. तिसरा सॅडलर, लीड्सचाच लिननचा व्यापारी. तो पक्षाने टोरी आणि संसदीय सुधारणेचा विरोधक. पण गिरणीतल्या मुलांचा कैवारीही तोच. मेकॉले आणि सॅडलर यांचे वैर जुने होते. लोकसंख्येवरील सॅडलरच्या ग्रंथाची मेकॉलेने 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये १८३०मध्ये निर्दयपणे साले काढली होती.

गिरण्यांचा प्रश्न त्या वेळी यॉर्कशायरमध्ये पेटलेला होता. १८३०च्या ऑक्टोबरमध्ये रिचर्ड ओस्लर यांनी 'लीड्स मर्क्युरी'त पत्र लिहून विचारले होते की वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी अश्रू ढाळणाऱ्यांना आपल्याच परगण्यातील लोकरीच्या गिरण्यांत राबणारी पोरे दिसत नाहीत काय? सॅडलरने दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणारे विधेयक आणले आणि १८३२मध्ये त्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कामगारांच्या साक्षी नोंदवल्या. लीड्सच्या एलिझाबेथ बेंटलीची साक्ष त्यात आहे. वय २३. सहाव्या वर्षी ती सूतगिरणीत लागली. कामाची गर्दी असली की पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत काम, मध्ये जेवणाला चाळीस मिनिटे. त्या कामाने तिचे शरीर वाकडे झाले होते. समितीने एकच बाजू ऐकली, असा आक्षेप गिरणीमालकांनी घेतला आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण साक्षी छापून आल्या तेव्हा देश हादरला.

म्हणजे लीड्समध्ये चित्र उलटेपालटे होते. मताचा हक्क वाढवा म्हणणारा मेकॉले कामगारांना मत देऊ इच्छित नव्हता. मताचा हक्क वाढवू नका म्हणणारा सॅडलर कामगारांच्या मुलांसाठी झगडत होता. सॅडलरच्या सभांना गर्दी करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे नाव मतदारयादीत नव्हते.

मतदान तेव्हा गुप्त नसे. उमेदवारांची नावे उघड्यावर उभारलेल्या मंचावरून पुकारली जात, जमलेले लोक हात वर करीत आणि तो कौल मान्य नसला की प्रत्यक्ष मतनोंदणी होई. मतदाराने सर्वांदेखत नाव सांगायचे. कोणी कोणाला मत दिले, याची पुस्तके पुढे छापून विकली जात. घरमालक, गिऱ्हाईक, सावकार, सगळ्यांना ते कळे. प्रत्येकाला दोन मते असत. मेकॉलेने दारोदार फिरून मते मागण्यास नकार दिला आणि संसदेत अमुकच करीन असे वचन द्यायलाही तो तयार नव्हता. मतदारांनी माणूस पारखून घ्यावा आणि मग त्याच्या बुद्धीवर सोपवावे, ही त्याची भूमिका. निकाल असा लागला : मार्शल २,०१२, मेकॉले १,९८४, सॅडलर १,५९६. सॅडलर पडला आणि पुन्हा कधीच संसदेत गेला नाही. १८३५मध्ये तो वारला.

मेकॉले या काळात ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलमध्ये काम करीत होता. १० जुलै १८३३ रोजी कंपनीच्या सनदेवरील चर्चेत त्याने लांबलचक भाषण केले. हिंदुस्थानात लोकनियुक्त संस्था आज शक्य नाहीत, असे त्यात सांगून त्याने पुढे म्हटले की ज्यांना स्वतंत्र राज्यकारभार देता येत नाही त्यांना निदान चांगला राज्यकारभार द्यावा. पुढेमागे हिंदी लोक युरोपीय धर्तीच्या संस्था मागतील, तर तो दिवस इंग्लंडच्या इतिहासातला अभिमानाचा असेल, असेही तो म्हणाला. हे शेवटचे वाक्य आपल्याकडे त्याच्या उदारपणाचा दाखला म्हणून सांगतात. पण दोन वर्षे आधीचे, २ मार्च १८३१चे, सुधारणा विधेयकावरील भाषण शेजारी ठेवून पाहावे. तिथे सरसकट मताधिकाराला विरोध करताना त्याने म्हटले होते की इंग्लंडचा मजूर आज हलाखीत आहे, हलाखीत माणसाची सारासारबुद्धी चळते. तो सुस्थितीत असता तर आपली हरकत नव्हती. मालमत्ता आणि शहाणपण असलेल्या मध्यमवर्गाला आत घ्यावे, म्हणजे राज्य टिकेल.

दोन्ही ठिकाणी युक्तिवादाची घडण मला एकच दिसते. हक्क तत्त्वतः नाकारायचा नाही. लायकी यायची आहे असे म्हणायचे. आणि लायकी आली की नाही, हे ठरवायचे ज्यांच्या हाती हक्क आधीच आहे त्यांनी. लीड्सचा विणकर आणि हिंदुस्थानातला रयत एकाच रांगेत उभे होते, एकमेकांना ठाऊक नसताना.

त्या वर्षीच्या सनदी कायद्याने धर्म, जन्मस्थान, वंश वा रंग यांमुळे कोणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीतून वगळू नये, असे कलम घातले. दादाभाई नौरोजींनी पुढे आयुष्यभर राज्यकर्त्यांना त्याची आठवण करून दिली. त्याच कायद्याने गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदेविषयक सभासदाची जागा निर्माण झाली आणि ती मेकॉलेला मिळाली. पगार वर्षाला दहा हजार पौंड, हिंदुस्थानच्या तिजोरीतून. वडिलांचा व्यापार बुडालेला होता आणि घरचा भार त्याच्यावर होता. १८३४च्या आरंभी त्याने लीड्सची जागा सोडली. पोटनिवडणुकीत एडवर्ड बेन्स थोडक्या मतांनी निवडून आले.

सॅडलरचे काम लॉर्ड ॲशली यांनी उचलले. १८३३च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली (रेशमाच्या गिरण्या वगळून) आणि तपासनीस नेमले गेले; पण दहा तासांची मर्यादा आली ती १८४७मध्ये. आदल्या वर्षी, १८४६च्या मे महिन्यात, त्या मर्यादेच्या बाजूने एक प्रभावी भाषण झाले, ते मेकॉलेचे. या प्रश्नावर तो बदलला होता. मताधिकारावर नाही : १८४२मध्ये चार्टिस्ट कामगारांचा अर्ज आला तेव्हा सरसकट मताधिकार हा सुधारलेल्या समाजाच्या मुळावर येईल, असे त्याने बजावले होते. शहरी कामगाराला मत मिळू लागले १८६७च्या कायद्यानंतर, गुप्त मतदान १८७२मध्ये आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत १९२८मध्ये. पहिल्या सुधारणेपासून शहाण्णव वर्षे.

दहा पौंडांचा तो उंबरठा बोटीने इकडेही आला. १९१९च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी मताधिकार दिला, तेव्हा मुंबई इलाख्यात तो मुख्यतः जमीन महसूल, घरभाडे आणि प्राप्तिकर यांवर मोजला गेला. १९२८मध्ये, म्हणजे इंग्लंडात स्त्रियांना समान मत मिळाले त्याच साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. पुढच्या वर्षीच्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी लायकीच्या युक्तिवादाचा थेट समाचार घेतला. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो असे मानणे चूक आणि साक्षर माणूस शहाणाच असतो असे मानणेही चूक, असा त्यांचा मुद्दा होता. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास असताना सतरा कोटींहून अधिक स्त्री-पुरुषांची नावे मतदारयादीत होती. घराचे भाडे कोणी विचारले नाही.

त्यामुळे मेकॉलेविषयी आपल्याकडचा वाद फक्त इंग्रजी शिक्षणापाशी थांबतो, तो अपुरा वाटतो. त्याने आपल्याला कमी लेखले हे खरे. पण त्याने स्वतःच्या मतदारसंघातल्या एलिझाबेथ बेंटलीलाही त्याच मापाने मोजले होते. आज मतदाराला शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट घालावी, अशी सूचना अधूनमधून सुशिक्षितांच्या बैठकीत ऐकू येते. ती करणाऱ्यांनी बेन्सची चौकशी एकदा आठवावी : अट घालणाऱ्यांना ती मोठी वाजवी वाटत होती, आणि तिच्याखाली पन्नास घरांत एकही बसत नव्हते.