फेसाचे घरटे

डोंबिवलीत आम्ही बिऱ्हाड केले तेव्हा आमची खोली तळमजल्यावर होती. मागे विहीर होती. पावसाळा लागला की न्हाणीघराच्या भिंतीवर चहाच्या रंगाचा एक बेडूक येऊन चिकटून बसे. "अहो, तुमचे पाहुणे आलेत!" अशी आतून हाक आली की मी केरसुणी घेऊन धावे. त्याला हुसकण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. पुढे विहीर बुजली, जागी इमारत उभी राहिली, पाहुणे यायचे थांबले. आणि सेवानिवृत्तीनंतर त्याच बेडकाच्या फोटोसाठी मी रात्री-अपरात्री चिखल तुडवू लागलो, तेव्हा आमच्या सौ.ने केरसुणीची आठवण करून दिली नसती तरच नवल!

हा आपला साधा झाडबेडूक. शास्त्रज्ञ त्याला पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस म्हणतात. जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. याच्या बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्यांच्या जोरावर तो गुळगुळीत भिंतही चढतो. आता फिका पिवळा, तर घटकाभराने गडद तपकिरी, असा रंग बदलतो. मांडीच्या मागल्या बाजूला पिवळे ठिपके असतात, पण ते पाय पसरल्याशिवाय दिसत नाहीत. तो बसला की सगळे दागिने पोटाशी! आंबोलीला दिसणारा हिरवागार उडता बेडूक याचाच भाऊबंद. त्याच्यापुढे आमचा पाहुणा म्हणजे राजवाड्यापुढची चाळ. पण आम्ही चाळीतलीच माणसे.

शोधायचा कुठे? येऊर ठाण्याच्या उशाशीच आहे खरे, पण तिथले जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. बिबट्यांचा मुलूख. मनात आले की रात्री शिरावे, अशी ती जागा नव्हे. अखेर एका स्नेह्याची मलंगगडाच्या पायथ्याशी छोटी वाडी आहे, ती कामाला आली. वाडीत गुरांचा हौद, हौदावर ओणवलेले उंबराचे झाड. आषाढातल्या एका संध्याकाळी, पाऊस उघडला होता तेव्हा, कल्याणहून रिक्षा करून मी तिथे पोचलो.

झाडबेडूक डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधावा लागतो. त्याचे ओरडणे डबक्यातल्या बेडकांसारखे घसा फोडून नसते. लाकडावर कुणी टिचक्या माराव्या तसे 'टक् टक् टक्'. विजेरी विझवून उभे राहायचे. आवाज आला की दोन पावले टाकायची, तो थांबला की आपणही थांबायचे. तासाभराने प्रकाशाच्या झोतात दोन डोळे चमकले. फ्लॅश डोळ्यांवर थेट पडू नये म्हणून त्यावर मी घरातलाच पातळ पांढरा कागद गुंडाळला होता. बेडकाला हात लावायचा नाही, हा माझा नेम. त्याची कातडी ओलसर नि नाजूक, तिच्यातून तो श्वासही घेतो, आणि आपल्या हाताला तेल, साबण, डासांचे मलम, काय काय असते!

बेडकाचे फोटो बरे आले. पण मला खरी ओढ होती ती त्याच्या घरट्याची. मादी अंडी घालताना एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते. ताक घुसळावे तसे. त्याचा पांढरा फेस होतो, त्यात अंडी राहतात. वरची साय वाळते, आत ओल टिकते. हा फेसाचा गोळा पाण्यावर झुकलेल्या पानांना लटकलेला असतो. अंडी फुटली, की पिल्ले टपटप खाली पाण्यात पडतात. जागेची निवड आईची, बाकी भार पाण्यावर. (झुडपी बेडकांना हीही यातायात नाही, त्यांच्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो.)

असा एक गोळा उंबराच्या फांदीला होता. चारपाच दिवसांचा असावा. वरून पिवळट, खाली मऊ पडलेला. मागे चुन्याची पांढरी भिंत, तिच्यावर फ्लॅश परतून सगळा फोटो नासे. म्हणून मी फांदी हळूच बाजूला ओढली, सुतळीने कुंपणाच्या खांबाला बांधली, मनासारखे आठदहा फोटो काढले आणि शेवटची गाडी चुकेल या घाईत निघालो.

रात्री एकला घरी संगणकावर फोटो पाहत बसलो. सुरेख! फेसातल्या पिल्लांच्या काळ्या रेघासुद्धा दिसत होत्या. सौ.ला उठवून दाखवला. तिने चष्मा लावला, क्षणभर पाहिले आणि विचारले, "खाली ही फरशी कसली? तुम्ही तर म्हणालात, हे पाण्यावर असतं."

माझ्या पोटात गोळा उठला. सुतळी सोडायची राहिली होती. वाडीवरच्या माणसाला फोन लावला, तो बंद. एवढ्या रात्री गाडी कुठली! पहाटेच्या पहिल्या लोकलने कल्याण गाठले. नेमका पाऊस नव्हता. एरवी कोरड्या आभाळाला मी कधी शिव्या दिल्या नसतील.

पोचलो तेव्हा फटफटत होते. गोळ्याचे बूड फाटले होते आणि फरशीवर तिळाएवढी काही पिल्ले पडली होती. काही निश्चल, काही वळवळत होती. मी पान ओले करून त्यावर ती एकेक उचलू लागलो. वाडीवरची म्हातारी परसात आली होती.

"काय हरवलं का दादा?"

मी सांगितले. ती काही बोलली नाही. तांब्याभर पाणी आणून तिने फरशीवर हळूच ओतले, उचलणे सोपे झाले. मग मी सुतळी सोडली आणि झटका बसू नये म्हणून फांदी हाताने धरून हौदावर नेली. थोड्या वेळाने पाण्यात एक बारीक टिपका उमटला. मग दुसरा.

"एवढ्यासाठी डोंबिवलीहून आलात?" म्हातारीने विचारले आणि चहाचे आधण ठेवायला वळली. दारातून मागे पाहत म्हणाली, "रविवारी हौद घासायचा होता. आता गणपती गेल्यावरच घासू."