तांब्याचा जमाखर्च

देवळ्याच्या जुन्या घरांतून तांब्याचा हंडा अद्यापि दिसतो, आणि नाशिकच्या तांबटांनी ठोकून घडविलेल्या भांड्यातले रात्रभरचे पाणी आरोग्यदायी मानणाऱ्या आपल्या लोकांस, तोच धातू एखाद्या पोराच्या यकृतात व मेंदूत साचून त्याचा घात करतो, हे सहजासहजी पटत नाही. दोष अर्थात हंड्याचा नव्हे. अन्नातून रोज येणारे एक-दोन मिलिग्रॅम तांबे देहास लागतेच, आणि शिल्लक राहिलेले यकृत पित्तावाटे बाहेर रवाना करते. परंतु आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक ज्याच्या वाट्यास येते, त्याच्या देहात जमा चालू राहते आणि खर्चाची बाजू जवळजवळ बंद पडते.

१९१२ साली किनियर विल्सन यांनी वर्णिलेला हाच तो विल्सनचा आजार. दस्तूर, मंघानी व वाडिया यांनी १९६८ साली भारतातील १६ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आणि आपल्याकडील आते-मामे भावंडांची लग्ने, आणि त्यांत एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याचा वाढता संभव, ध्यानी घेता, हा विषय परका मानण्याची सोय आपल्याला नाही. कैक वेळा पहिली खूण वहीत उमटते. टपोरे अक्षर बारीक, कापरे होत जाते, बोलणे अडखळते, लाळ गळू लागते, आणि पोर हलगर्जी ठरून उगाच बोलणी खाते. डोळ्यांचे डॉक्टर मात्र यंत्रातून पाहतात तेव्हा बुबुळाच्या कडेला तांबूस-हिरवट कडे दिसते.

१९५६ साली जॉन वॉल्श यांनी, आधी स्वतः घेऊन पाहून, पेनिसिलमाइन हे औषध पुढे आणले. ते तांब्यास धरून लघवीवाटे बाहेर काढते. जस्ताची तऱ्हा निराळी: ते आतड्याच्या पेशींतच तांब्यास अडवते. गुण येण्यास महिनोन्‌महिने लागतात, आणि पेनिसिलमाइन सुरू केल्यावर काहींचा कंप आरंभी उलट वाढतो, तेव्हा औषध बाधले असे समजून घरच्यांनी ते परस्पर बंद न करता डॉक्टरांकडे धाव घ्यावी.

त्याहून मोठा धोका गुण आल्यावरचा. अक्षर सुधारले, कडे पुसट झाले, पोर पुन्हा कांद्याच्या शेतात राबू लागले, की 'आता कशाला गोळ्या' असे कोणीतरी म्हणते. आणि गोळ्या सुटलेल्या कित्येकांचे यकृत पुढे अकस्मात निकामी झाले आहे. औषध जन्मभराचे आहे. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकास हा आजार असण्याचा संभव चारांत एक, म्हणून त्यांचीही तपासणी व्हावी. कारण लक्षणे दिसण्याआधीच ज्याच्या हाती गोळी पडते, त्याचे अक्षर बहुधा कधी बिघडतच नाही.