स्वस्त पिस्तूल, अचूक नेम

कोल्हापूर जिल्ह्यातील एका विज्ञान शिक्षकांचे पत्र आमच्याकडे आले. त्यांची एक माजी विद्यार्थिनी बी.एस्सी. झाली असून आता बावीस वर्षांची आहे. शाळेत असताना ती हवेच्या पिस्तुलाने नेमबाजी शिकली आणि सध्या २५ मीटर प्रकारात उतरली आहे. क्लबाचे जुने पॉइंट २२ चे पिस्तूल चौघीजणी आळीपाळीने वापरतात. गुण वाढत नाहीत याचे खापर साहजिकच त्या पिस्तुलावर फुटते. मुलीचे वडील उसाच्या बिलावर कर्ज काढून परदेशी पिस्तूल मागवायला निघाले आहेत. ‘जास्त किंमत मोजली की नेम सुधारतो का, हे विज्ञानाला सांगता येईल काय?’ असा गुरुजींचा प्रश्न आहे.

बरेच सांगता येते. त्यासाठी लागणारे गणित नववी-दहावीच्या पुढचे नाही, म्हणून हे उत्तर आम्ही पत्राने न देता येथे देत आहोत. कोल्हापूरच्या मातीत हा प्रश्न उगवावा यात नवल नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत कोल्हापूरचीच. तिचे यश पाहिलेल्या घरांत आज असे हिशेब मांडले जात असतील.

आधी हा खेळ पाहू. महिलांच्या २५ मीटर प्रकारात ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश, नेम धरून मारायच्या. उरलेल्या ३० जलद प्रकारातल्या. हात खाली ४५ अंशांत धरून थांबायचे, लक्ष्य तीन सेकंद खुले होते, तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची. मग सात सेकंद विश्रांती आणि पुन्हा तेच, असे पाच वेळा. पुरुषांच्या जलद प्रकारात तर चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या माराव्या लागतात. एवढ्या वेळात हाताने काडतूस भरत बसणे शक्य नाही. म्हणून येथे अर्धस्वयंचलित पिस्तूल लागते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे आत घेणे ही कामे पिस्तूल स्वतःच करते. मुठीवरची पकड हलत नाही, हा मोठा फायदा.

हे काम ते कशाच्या जोरावर करते? न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या. गोळी पुढे ढकलणारा वायू तितक्याच जोराने काडतुसाचे बूड मागे ढकलतो. बुडामागे बोल्ट नावाचा पोलादी ठोकळा असतो, त्याच्यामागे स्प्रिंग. पॉइंट २२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते. बोल्ट २०० ग्रॅमचा धरू. दोघांचा संवेग सारखा, म्हणून दोघांनी कापलेली अंतरे वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतील. गोळी नळीतून १२० मिलिमीटर पुढे जाते तेव्हा बोल्ट मागे जातो १२० × २.६ ÷ २०० म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. (वायूचे वस्तुमान, घर्षण आणि स्प्रिंगचा विरोध आपण सोडून दिला आहे.) गोळी नळीबाहेर पडली तरी बोल्ट जेमतेम हललेला असतो. काडतूस फेकणे, नवे घेणे हा सारा खडखडाट नंतरचा. स्वयंचलित यंत्रणेमुळे नेम बिघडतो, अशी समजूत ऐकू येते. निदान या लहान काडतुसाच्या पिस्तुलात तिला फारसा आधार नाही.

मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलांची गोष्ट वेगळी. त्यांत दाब इतका असतो की केवळ बोल्टच्या वजनावर भागत नाही. म्हणून नळी वरच्या सरकत्या भागाला काही क्षण अडकवून ठेवतात आणि मग ती किंचित खाली झुकून सुटते. म्हणजे प्रत्येक गोळीमागे नळी जागची हलते आणि नेमाच्या खुणा ज्या भागावर बसवल्या आहेत तोही सरकतो. दर वेळी सारे तंतोतंत जुन्या जागी परतले पाहिजे. ते साधायचे तर भाग कानशीने घासून एकमेकांत नेमके बसवावे लागतात आणि कारागिराच्या या वेळाची किंमत गिऱ्हाईक भरते. नळी आणि नेमाच्या दोन्ही खुणा एकाच न हलणाऱ्या तुकड्यावर असतील तर हा खर्च मुळातच टळतो.

हे ज्याने ओळखले त्याचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९४९ साली अमेरिकेत कनेटिकट राज्यातील साउथपोर्ट येथे विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी पॉइंट २२ चे एक पिस्तूल विक्रीस आणले. किंमत साडेसदतीस डॉलर. त्या काळची चांगली पिस्तुले पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली असत, म्हणून महाग. रुगरने मुठीचा सांगाडा जाड पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून, शिंपल्यासारखे जोडून, वेल्डिंग करून बनवला. वर एक पोलादी नळकांडे बसवले. बोल्ट त्या नळकांड्याच्या आत मागेपुढे सरकतो. नळी नळकांड्यात पक्की, पुढची माशी नळीवर, मागची खाच नळकांड्यावर. थोडक्यात, जिथे अचूकता लागते तिथे काहीच हलत नाही. जिथे ती लागत नाही, त्या मुठीच्या सांगाड्यात पैसा वाचवला. आतल्या बोल्टची कल्पना जपानी नांबू पिस्तुलावरून सुचलेली. त्याच घराण्यातील पिस्तुले सुधारणा होत होत आजही बनतात. एक खोड मात्र अनेक वर्षे टिकून होती. सफाईसाठी ते खोलणे सोपे, पुन्हा जोडणे कर्मकठीण. २०१६ च्या आवृत्तीत ती दूर झाली. स्वस्त वस्तू घेताना काटकसर नेमकी कुठे केली आहे हे पाहावे, ही गोष्ट आमच्या मते शाळेसाठी सूक्ष्मदर्शक घेतानाही लागू पडते.

आता गुरुजींच्या मूळ प्रश्नाकडे वळू. कागदावर गोळ्या विखुरतात त्याची कारणे दोन. एक पिस्तूल आणि काडतूस यांचे, दुसरे हाताचे. पिस्तूल टेकणावर घट्ट ठेवून गोळ्या मारल्या तर पहिला विखार तेवढा दिसतो. दोन्ही विखार एकमेकांपासून स्वतंत्र असतात, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते, काटकोन त्रिकोणातल्या कर्णासारखे.

समजा, २५ मीटरवर एखाद्या होतकरू नेमबाजाच्या हाताचा विखार २०० मिलिमीटर आहे आणि पिस्तुलाचा ४०. एकूण विखार २०४ मिलिमीटर. आता भरपूर पैसे मोजून २० मिलिमीटरचे पिस्तूल आणले. एकूण विखार २०१. म्हणजे सुधारणा तीन मिलिमीटरची! सावकाश प्रकारातील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळच ५० मिलिमीटर व्यासाचे असते, तिथे हे तीन मिलिमीटर कुणाला दिसणार? पण हाताचा विखार ५० वर आणलेल्या नेमबाजाचा हिशेब करा. जुन्या पिस्तुलाने ६४, नव्याने ५४. त्याला मात्र फरक जाणवेल, गुणांतही दिसेल. महाग पिस्तूल वाईट नव्हे. ते कुणाच्या हातात आणि केव्हा, हा प्रश्न आहे.

हात कसा चुकतो हेही भूमितीच सांगते. माशी आणि खाच यांतील अंतर या प्रकारात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी किती सरकेल? समरूप त्रिकोणांनी उत्तर येते २५००० ÷ २२०, म्हणजे सुमारे ११४ मिलिमीटर. उलट माशी-खाच नीट जुळलेली ठेवून सारा हातच पाच मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीही पाचच मिलिमीटर बाजूला जाते. नवशिक्याची नजर लक्ष्यावर खिळलेली असते आणि माशी पुसट होते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. प्रशिक्षक ‘माशीकडे बघ, लक्ष्य पुसट दिसू दे’ असे ओरडतात, त्यामागे हा एकशे चौदाचा आकडा आहे.

वर्गात हे पिस्तुलाशिवाय दाखवता येते. लाकडी पट्टीच्या टोकाला लेसरची लेखणी बांधा आणि विद्यार्थ्याला हात लांब करून दहा मीटरवरील भिंतीवरच्या कागदावर ठिपका स्थिर धरायला सांगा. दुसऱ्याने ठिपका फिरेल त्या कडा पेन्सिलीने आखाव्यात. किरण कुणाच्याही डोळ्यांत जाणार नाही याची खबरदारी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. श्वास रोखल्यावर, जिना चढून आल्यावर, हातात एक किलोचे वजन बांधल्यावर काय फरक पडतो ते मोजण्यासारखे आहे. हवेच्या पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते, हे मग मुलांना सांगा. कोनाच्या हिशेबात ते २५ मीटरवरील वर्तुळापेक्षा बरेच लहान भरते. म्हणूनच हवेच्या पिस्तुलावरचा सराव २५ मीटरच्या नेमबाजालाही सोडून चालत नाही.

मग पिस्तूल निवडताना पाहावे काय? आमच्या मते सर्वांत आधी मूठ. ती हाताच्या मापाची नसेल तर प्रत्येक वेळी पकड वेगळी बसते आणि पकड बदलली की नेम बदलतो. त्यानंतर चाप. नियमाप्रमाणे या प्रकारात तो किमान एक किलो वजन पेलणारा असावा लागतो, पिस्तूल मात्र १४०० ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. म्हणजे पिस्तुलाच्या वजनाशी बरोबरी करणारे बल बोटाने लावायचे आणि पिस्तूल हलू द्यायचे नाही! चाप खरखरत, अडखळत सुटत असेल तर उत्तम नळीही वाया जाते. काडतुसाचेही तसेच. एकाच पिस्तुलात निरनिराळ्या जातींच्या काडतुसांचा विखार निराळा येतो, म्हणून दोन-चार जाती टेकणावरून मारून पाहाव्यात. येथे एक सावधगिरी हवी. विक्रेते पाच गोळ्यांचा एखादा सुबक पुंजका असलेला कागद दाखवतात. पाच गोळ्यांचा पुंजका योगायोगानेही लहान येतो. असे आठ-दहा पुंजके घेऊन सरासरी काढावी आणि वाईट आलेला कागद फेकून देऊ नये.

भरवशाचाही विचार हवा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या हवेच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पिस्तूल अर्थातच स्वस्तातले नव्हते. तिनेच २०२४ साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळवली.

कायद्याचेही लक्षात घ्यावे. पॉइंट २२ चे पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार त्याला परवाना लागतो आणि २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तो मिळत नाही. शाळकरी मुलांनी क्लबातील शस्त्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच हाताळावे. गोळ्या शिशाच्या असतात, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

आम्ही गुरुजींना एवढेच कळवले की क्लबाचे पिस्तूल टेकणावर ठेवून दहा पुंजके मारा, मग मुलीच्या हातून दहा, आणि दोन्ही आकडे आम्हाला लिहा. महिन्याने उत्तर आले. पिस्तुलाचा सरासरी विखार ४५ मिलिमीटर, मुलीचा १६०. वर्ग करून त्यांनी पुढचे गणित स्वतःच सोडवले होते. हातातल्या विखाराचा पिस्तुलाशी संबंध नसलेला भाग सुमारे १५४ मिलिमीटरचा निघाला. वडिलांनी कर्जाचा अर्ज तूर्त परत घेतला आहे. गावच्या सुताराने मुलीच्या हाताचा ठसा घेऊन सागवानी मूठ घडवायला घेतली आहे. इतर तिघींनी आपापल्या मुठी वेगळ्या हव्यात असे सांगितल्याने सुताराचे काम मात्र चौपट झाले आहे.